घरच्या रेसिंग सिमसाठी सीट: बकेट, गाडीची जुनी सीट की घडीची?

घाटवळण

खोली १० बाय ११ फूट, भाड्याची, दुसरा मजला. कॉम्प्युटरवर गाडीच्या शर्यतीचे गेम खेळायला स्टीअरिंग व्हील लॉजिटेक जी२९, मॉनिटर २७ इंची. पुढच्या वर्षी ८ न्यूटन-मीटरपर्यंतचा (हे मोटरच्या पिळाचं माप) डायरेक्ट ड्राइव्ह बेस, म्हणजे व्हील थेट मोटरवर, आणि लोडसेल (पायाचा जोर मोजणारं) पेडल घ्यायचं पक्कं आहे, म्हणजे आता घेतलेली सीट तेव्हाही चालली पाहिजे. वापरणारे दोघं, एकाची उंची ५ फूट १० इंच, दुसरीची ५ फूट २ इंच. समोर तीन पर्याय आहेत: घडीची कापडी सीट, भंगारातली गाडीची सीट आणि खाली लोखंडी सांगाडा, किंवा फायबरची बकेट सीट (शर्यतीच्या गाडीतली खोलगट, एकसंध कवचाची) अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलवर (खाचा असलेल्या, बोल्टने जोडायच्या पट्ट्यांवर). सध्या ऑफिसची खुर्ची आहे, ब्रेक दाबला की मागे पळते. जाणकारांनी मापांसकट सांगावं.

तेराचापाना

सीट व्हीलवरून निवडू नका, ब्रेकवरून निवडा. बहुतेक लोक उलटं करतात आणि वर्षभरात सगळं पुन्हा घेतात.

आकडे बघा. ८ न्यूटन-मीटरचा बेस, ३० सेंमी व्यासाचं रिम. त्रिज्या १५ सेंमी, म्हणजे पूर्ण जोर लागला तरी रिमवर साधारण ५३ न्यूटन, साडेपाच किलोच्या आत. तोही दोन हातांत वाटला जातो. जी२९ तर दोन-सव्वादोन न्यूटन-मीटरचं. आता ब्रेक. लोडसेल पेडलवर ४० ते ५० किलो जोर हा मधला आकडा आहे, थ्रस्टमास्टर टी-एलसीएमचा लोडसेल १०० किलोपर्यंत मोजतो. पायाने ५० किलो रेटा पुढे दिला की तेवढाच रेटा पाठीतून सीटवर मागे येतो. म्हणजे सीटवर व्हीलपेक्षा ब्रेकचा भार जवळजवळ दहापट.

जी२९चा ब्रेक पेडल किती दबला एवढंच मोजतो, आत रबराचा ठोकळा आहे म्हणून तो घट्ट लागतो इतकंच. लोडसेल मात्र जोर मोजतो. त्यात सीटची पाठ १० मिमी लवली तर तुमचा पाय आधी सीट वाकवतो, मग ब्रेक दाबतो. दर वळणावर हा वेळ सारखा राहत नाही, म्हणून तुमचा ब्रेकही दोनदा सारखा लागत नाही. पेडल महाग घेऊन सीट लवचिक ठेवली तर पैसे पेडलमध्ये अडकून पडतात.

खुर्ची मागे का पळते तेही यातच आहे. पेडल आणि सीट एकाच चौकटीला घट्ट असतील तर रेटा चौकटीतल्या चौकटीत जिरतो. वेगवेगळे असतील तर तो फरशीच्या घर्षणावर येतो, आणि चाकांच्या खुर्चीला घर्षण जवळपास नाहीच.

सुतारपक्षी

नवीन सीट येईपर्यंत खुर्चीचं काम भागवायचं असेल तर:

चाकं उपटून काढा, बहुतेक खुर्च्यांत ती नुसती खोबणीत दाबून बसवलेली असतात. त्या जागी फिक्स पाय मिळतात. तेही नको असेल तर प्रत्येक चाक जुन्या बुटात ठेवा, चालतं. मग टेम्पोवाले सामान बांधायला वापरतात तो रॅचेट पट्टा घ्या, एक टोक पेडलच्या पाटाला, दुसरं खुर्चीच्या मधल्या दांड्याला, आणि ताणून टाका. रेटा पट्ट्यात जातो, खुर्ची जागची हलत नाही. पाठीची झुलण्याची कळ लॉक करा. खुर्ची शक्य तितकी खाली घ्या, कारण बैठक ४५ सेंमीवर असली की पाय तिरका खाली जातो आणि ब्रेक दाबताना माणूस सीटवरून उचलला जातो.

हे जी२९पुरतं. लोडसेलला गॅसच्या दांड्यावरची खुर्ची टिकत नाही, दांडाच डुगडुगतो.

रातकिडा

घडीच्या सीटबद्दल थोडं तिच्या बाजूनेही बोललं पाहिजे. १० बाय ११च्या खोलीत पलंग आणि कपाट असेल तर कायमची रिग (सीट, व्हील, पेडलची अख्खी चौकट) म्हणजे साधारण दीड मीटर लांब आणि ६० सेंमी रुंद जागा गेली, वर चढा-उतरायला एका बाजूला ५० सेंमी. प्लेसीट चॅलेंज किंवा नेक्स्ट लेव्हल रेसिंगची जीटी-लाइट ही घडी होऊन दाराआड उभी राहते. व्हील आणि पेडल तिलाच जोडलेली असल्याने रेटा चौकटीतच राहतो, हा ऑफिसच्या खुर्चीवरचा खरा फायदा.

मर्यादा: बैठक म्हणजे नळ्यांवर ताणलेलं कापड, झोळीसारखं. ते लवतं आणि काही महिन्यांनी आणखी सैल पडतं. सांधे घडीचे, म्हणून प्रत्येकात थोडी ढिलाई. जी२९ला उत्तम. ५ न्यूटन-मीटरला ठीक. लोडसेल लावला तर जोर २०-२५ किलोवर आणून ठेवावा लागेल. घाटवळण यांनी पुढच्या वर्षीचं जे लिहिलंय त्याला ती पुरणार नाही, पण ज्यांचा बेत जी२९वरच थांबायचा आहे त्यांनी उगाच प्रोफाइलच्या नादी लागू नये.

भंगारवेडा

गाडीची सीट हा भारतात सगळ्यात कमी लेखला जाणारा पर्याय आहे. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या गल्ल्यांत किंवा कुठल्याही मोठ्या शहरातल्या गाड्या तोडणाऱ्यांकडे हॅचबॅकची पुढची सीट मिळते. सरकणारी रेल, पाठ मागे करायची कळ, वरच्या मॉडेलात ड्रायव्हर सीटला उंची कमीजास्त करायची कळ, सगळं आयतं. सांगाडा अपघाताचा मार सोसायला बनवलेला, तो ५० किलोला काय जुमानतो!

पण घेताना हे बघाच:

सीटच्या कडेला एसआरएस एअरबॅगची चिठ्ठी किंवा खाली पिवळं कनेक्टर असेल तर ती सीट घेऊ नका. बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत शिवलेली असते आणि तिच्यात स्फोटक गोळी असते. मल्टिमीटर लावून तपासणं, वायर कापणं, उसवून काढणं, काहीही घरी करायचं नाही. काही गाड्यांत बेल्टच्या बकलपाशीही तसलीच गोळी असते. एअरबॅग नसलेल्या जुन्या मॉडेलची सीट भरपूर मिळते, तीच घ्या.

दोन्ही रेल सपाट जमिनीवर ठेवा. चारही पाय टेकतात का? एक कोपरा उचललेला असेल तर रेल अपघातात वाकलेली असण्याची शक्यता आहे. मात्र काही गाड्यांत पुढचे आणि मागचे पाय मुळातच वेगळ्या उंचीचे असतात, कारण गाडीची फरशी सपाट नसते. डावी-उजवी बाजू सारखी असेल तर हरकत नाही, तिथे पाइपचा तुकडा किंवा वॉशरांची चळत घालून उंची भरून काढता येते.

रेल पूर्ण पुढे-मागे करून दोन्ही बाजूंचे खटके एकाच वेळी बसतात का ऐका. एकच बसत असेल तर ब्रेक दाबल्यावर सीट तिरकी पिळते. पाठ धरून जोरात हलवा, कळीच्या सांध्यात टकटक येत असेल तर दुसरी बघा.

वास घ्या. पुराच्या पाण्यातली सीट वरून स्वच्छ दिसते, पण फोम आतून कुबट असतो आणि रेलच्या आत गंज.

आइंडहोवनकर

भंगारवेडा यांच्याशी बरंचसं सहमत, पण एक गोष्ट राहिली. गाडीच्या सीटचा फोम आरामासाठी मऊ असतो. सांगाडा वाकत नाही, फोम दबतो, आणि लोडसेलला फरक तोच पडतो. वीसेक किलोला जाणवत नाही, ५०ला जाणवतो.

युरोपात सिमवाले मुदत संपलेल्या रेसच्या सीट घेतात. एफआयए या मोटरशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत बनवल्यापासून ५ वर्षं, ८८६२-२००९ची १० वर्षं, तारीख लेबलावर असते. मुदत संपली की शर्यतीत चालत नाही, घरात काहीच बिघडत नाही. इकडे राहणाऱ्यांनी जरूर बघावं. भारतात मागवायची म्हटली तर बोजड पार्सल आणि त्यावर शुल्क, त्यामुळे तिथे स्थानिक बनावटीची बकेट जास्त व्यवहार्य.

स्थानिक फायबरची बकेट तपासायची रीत: दोन्ही खांद्यांच्या कडा धरून पिळा. चांगली सीट एकसंध हलते, वाईट सीट पुठ्ठ्यासारखी मुरडते. बाजूच्या बोल्टांभोवती ताऱ्यासारख्या बारीक भेगा आहेत का बघा, तिथेच पहिल्यांदा फाटते. आत बसवलेल्या आट्यांच्या नळीत बोल्ट निदान १० मिमी तरी फिरून आत गेला पाहिजे. फार लांब बोल्ट मात्र सीटच्या आत बाहेर येऊन मांडीला लागतो, म्हणून काडी घालून खोली मोजा, त्यात कडीच्या (सीट चौकटीला धरणाऱ्या बाजूच्या पट्टीच्या) पत्र्याची जाडी आणि वॉशर मिळवा, मग बोल्ट घ्या.

बाजूने बसणाऱ्या बकेटला चार एम८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट लागतात. पुढच्या-मागच्या भोकांतलं अंतर बहुतेक कंपन्यांचं २९० मिमी असतं, सीटची रुंदी मात्र प्रत्येकीची वेगळी. त्यामुळे बाजूच्या कड्या आधी घेऊ नका, सीट हातात आल्यावर मोजून घ्या.

घाटवळण

दोन शंका. बकेट मागवताना माप कसं ठरवायचं? शर्टासारखं एम, एल लिहिलेलं असतं. आणि दोघांच्या उंचीत २० सेंमी फरक, मग बकेटखाली रेल लावायची का?

तेराचापाना

एम आणि एलवर विश्वास नको, कंबरेच्या पट्ट्याच्या मापावर तर अजिबात नको. कडक स्टुलावर बसा, दोन जाड पुस्तकं दोन्ही बाजूंनी नितंबाला टेकवून उभी धरा, पुस्तकांमधलं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. त्यात २ ते ३ सेंमी मिळवा. सीटच्या आतली रुंदी, बैठकीच्या तळाशी, गादीसकट मोजलेली, तेवढी हवी. विक्रेते बाहेरची रुंदी सांगतात, ती निरुपयोगी. दोघांपैकी जो रुंद त्याच्या मापाची सीट घ्या. दुसऱ्यासाठी दोन्ही बाजूंना कडक फोमचे पातळ तुकडे कापडी खोळीत घालून सारता येतात. अरुंद सीट मात्र रुंद करता येत नाही, आणि मांडीच्या कडांवर दाब आला की अर्ध्या तासात पाय बधिर होतात.

रेल लावा, पण दोन्ही बाजूंनी लॉक होणारी. एका बाजूला खटका असलेली रेल बकेटखाली पिळतेच. रेलने उंची ३-४ सेंमी वाढते, ती हिशेबात धरा. एकटाच वापरणारा असता तर रेल लावूच नका म्हटलं असतं, कारण प्रत्येक सरकता भाग म्हणजे थोडी ढिलाई.

२० सेंमी उंचीच्या फरकात पायांचा फरक निम्म्याच्या आसपास, म्हणजे ९-१० सेंमी. हाताच्या पोचेतला त्याहून थोडा कमी. सीट १० सेंमी पुढे आली की पाय बरोबर बसतो आणि व्हील दोन-तीन सेंमीच जास्त जवळ येतं, ते चालतं. राहता राहिली डोळ्यांची उंची, त्यासाठी बुटक्या व्यक्तीला बैठकीवर ४-५ सेंमीची कडक गादी. मऊ उशी नको, पुन्हा तेच दबण्याचं दुखणं.

बोल्टांवर किती येतं तेही सांगून टाकतो, म्हणजे एम६ने भागेल का हा प्रश्न येणार नाही. पाठीवर बोल्टांच्या रेषेपासून २५ सेंमी वर ५० किलो रेटा आला, तर २९० मिमी अंतरात मागच्या जोडीवर सुमारे ४३ किलो दाब आणि पुढच्या जोडीवर तेवढीच उचल. बसणाऱ्याच्या वजनाने उचल कमी होते, पण मिनिटाला दहा वेळा येणारा हा झटका साधा नट ढिला करतो. एम८, ८.८ ग्रेड, नायलॉक (आपोआप न सैलावणारे) नट, मोठे वॉशर. आवळायला तेराचा पाना.

उजवीकडचा_आरसा

सीट आल्यावर लावायचा क्रम चुकला तर चांगली सीटही पाठ धरते. व्हीलपासून सुरुवात करू नका.

१. आधी सीटचा तळ आणि टाच यांच्या उंचीतला फरक ठरवा. जीटी पद्धतीच्या बैठकीत तो साधारण १५ ते २५ सेंमी. यापेक्षा उंच बसलात तर ब्रेकचा रेटा पाठीत न जाता तुम्हाला वर ढकलतो. फॉर्म्युला पद्धतीत टाचा बैठकीच्या बरोबरीने किंवा वर असतात, ती बैठक दोन जणांत वाटून घेण्यासारखी नाही, विसरा.

२. सीट मागे कलती करा, पुढची कड १० ते १५ अंश वर. मांडीखाली आधार येतो आणि ब्रेकवर घसरायला होत नाही.

३. मग पेडल. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सरळ झाला तर जोर मांडीतून न येता कमरेतून येतो.

४. शेवटी व्हील. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात सरळ केल्यावर मनगट रिमच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे.

कमरेच्या खोलगट भागात हात सहज आरपार जात असेल तर तिथे आधार नाही. घट्ट गुंडाळलेला छोटा टॉवेल ठेवून जागा शोधा, मग त्याच मापाची गादी करून घ्या.

आणि मॉनिटर. पाठ १० अंश जास्त मागे केली की डोळे सुमारे १३ सेंमी मागे जातात. २७ इंची पडदा ६० सेंमी रुंद. डोळे ६० सेंमीवर असताना खरा आडवा दृष्टिकोन (पडद्याची रुंदी डोळ्याशी करते तो कोन) ५३ अंश, ७३ सेंमीवर ४५ अंशच. म्हणून मॉनिटर टेबलावर न ठेवता व्हीलच्या मागे शक्य तितका जवळ, वेगळ्या स्टँडवर. दोघांसाठी गेममध्ये दृष्टिकोनाच्या दोन वेगळ्या सेटिंग जपून ठेवा.

डोक्याच्या बाजूला पंख असलेली बकेट दिसायला भारी, पण पुढे तीन पडदे किंवा व्हीआर घेणार असाल तर नको. कडेचं दिसत नाही आणि हेडफोन आपटतो.

भंगारवेडा

सांगाड्याचा प्रश्न कोणी घेतला नाही. प्रोफाइलची गरज नाही असं माझं स्पष्ट मत. ४० बाय ४० मिमीचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, चौदा गेज म्हणजे २ मिमी जाड, मीटरला अडीच किलोच्या आत वजन. गल्लीतला फॅब्रिकेटर एका दिवसात चौकट करून देतो. सोळा गेज चौकटीला चालेल, पेडलखालच्या आडव्या पाइपला नको.

फॅब्रिकेटरला सांगायच्या गोष्टी: आधी सगळे जोड नुसते टाचून घ्या, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच पूर्ण वेल्डिंग. एका कोपऱ्यात एका दमात वेल्ड केलं की उष्णतेने चौकट ओढली जाते आणि चौथा पाय हवेत राहतो. पेडल आणि सीटच्या भोकांऐवजी लांबट खाचा पाडून घ्या. पाइपची उघडी टोकं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद. रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग.

तेराचापाना

कडकपणात तक्रार नाही. पण वेल्ड केलेली चौकट म्हणजे एकदा ठरवलेलं माप. घाटवळण पुढच्या वर्षी पेडल आणि बेस दोन्ही बदलणार, प्रत्येकाची भोकं वेगळी, उंची वेगळी. घर भाड्याचं आहे, दोन वर्षांनी हलवायचं झालं तर दीड मीटरची अखंड चौकट जिन्याच्या वळणावर अडकते. ४० मालिकेच्या प्रोफाइलचे बोल्ट सोडले की नळ्यांची जुडी होते.

दोन लांब पट्ट्या ४० बाय ८० मिमी, उभ्या बसवलेल्या, आडवे सांधेही त्याच मापाचे, व्हीलचे खांब ४० बाय ८०. ८ न्यूटन-मीटरला ४० बाय १२० किंवा १६० घेणं म्हणजे पैसे घालवणं. कोपऱ्याच्या कड्यांना एम८ बाय १६चे बोल्ट. जिथे कमी पडतं ती जागा म्हणजे पेडलची पाटी, तिच्या मागे दोन्ही बाजूंना तिरका आधार हवाच.

आइंडहोवनकर

तेराचापाना यांच्याशी सहमत. औद्योगिक वसाहतींना माल देणारे विक्रेते मापाने कापून देतात, पुण्यात भोसरी-चाकणच्या बाजूला यंत्रांच्या चौकटी याच प्रोफाइलच्या असतात. सिमसाठी म्हणून विकलेला संच घेण्याची गरज नाही. विचारताना खाच ८ मिमीची आहे हे पक्कं करा, कारण ४० मालिकेत १० मिमी खाचेचाही माल असतो आणि टी-नट (खाचेत सरकवायचे नट) एकमेकांना चालत नाहीत.

समुद्रकाठ

कोकण, गोवा, मुंबईतल्यांसाठी. रेक्झिनची सीट पावसाळ्यात घामाने चिकटते आणि बंद खोलीत शिवणीवर पांढरी बुरशी धरते. पुढे तिचे पापुद्रे निघतात. जाळीदार कापडाची घ्या, काढून धुता येणारी खोळ असेल तर उत्तम. बकेटच्या गाद्या वेलक्रोच्या असतात, जूनपासून महिन्यातून एकदा काढून पंख्याखाली सुकवा. फायबरच्या कवचात घाम साचतो, तोही पुसला जातो. बोल्ट काळ्या रंगाचे घेऊ नका, दोन पावसाळ्यांत लाल होतात. झिंक प्लेटिंगचे किंवा स्टेनलेसचे घ्या, पण स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर मध्येच जाम होऊन बसतो.

रातकिडा

दुसरा मजला लिहिलंय म्हणून: सीटखाली बास शेकर (इंजिनच्या आवाजावर सीट थरथरवणारं यंत्र) लावायचा मोह पुढे होईलच. तो चौकटीला न लावता सीटच्या तळालाच लावा, आणि सीट व चौकट यांच्यामध्ये रबरी बुश. चौकटीला लावला तर आवाज फरशीतून थेट खालच्या घरात जातो, आणि रात्री अकरा वाजता इंजिनची घरघर भिंतीपेक्षा स्लॅबमधून जास्त पोचते. चौकटीखाली वॉशिंग मशिनला घालतात तसले कडक रबरी पाय. फार मऊ पाय घेतले तर अख्खी रिग ब्रेकवर डुलते.

घाटवळण

सगळ्यांचे आभार. पुस्तकांच्या रीतीने मोजलं: ३६ आणि ३८ सेंमी. म्हणजे ४० ते ४१ सेंमी आतली रुंदी, पंख नसलेली, कापडी. दोन्हीकडे लॉक होणारी रेल. ४० बाय ८०च्या चौकटीचा तळ १३५० बाय ५८० मिमी धरतोय. सीट आधी आणून फरशीवर ठेवून बघतो, मगच प्रोफाइल कापायला देतो. काही चुकतंय?

तेराचापाना

५८० बाहेरून बाहेर ना? सीटच्या बाहेरच्या रुंदीत दोन्ही बाजूंच्या कड्या आणि बोल्टांची डोकी मिळवा, तेवढं आत बसलं पाहिजे. सीट ५० सेंमीची आली तर दोन ४० मिमीच्या पट्ट्यांमधली ५०० मिमी मोकळी जागा पुरणार नाही. अशा वेळी रेल पट्ट्यांच्या मध्ये न घेता आडव्या सांध्यांवर घ्या, सीट थोडी वर येते पण रुंदीची चिंता मिटते. ती वाढलेली उंची टाचेच्या पाटालाही द्या.

आणि चौकट बंद करण्याआधी प्रत्येक खाचेत चार-पाच टी-नट जास्तीचे सरकवून ठेवा. टोकाने घालायचे नट नंतर आत जात नाहीत, एका शेकरसाठी अख्खा कोपरा सोडावा लागतो.